उपाशी राहणारा मासा

दर रविवारी फोनवर तुम्ही दोघं एकच मागणं करता: आजी, विहीर दाखव. गेले बरेच रविवार मी तुम्हाला म्हैस दाखवली, कढीपत्त्याचं झाड दाखवलं, पत्र्यावर वाळत घातलेल्या कुरडया दाखवल्या. एकदा मी म्हणाले, ऊन फार आहे. एकदा म्हणाले फोनचं चार्जिंग संपत आलंय. चार्जिंग भरपूर होतं. विहिरीत आता मासे नाहीत, आणि ते माझ्यामुळे नाहीत. हे बोलून सांगायचं ठरवते, पण पडद्यावर तुमचे चेहरे आले की माझा हात आपोआप कढीपत्त्याकडे वळतो. म्हणून लिहिते आहे. अवघड शब्द आले तर बाबांना विचारा, ते वाचून दाखवतील.

धाकटा इथं आला होता तेव्हा फार लहान होता, म्हणून विहिरीचं आधी सांगते. येडशी स्टेशनावर उतरून आपण जीपनं ज्या घरी आलो, ते तुमच्या आजोबांच्या थोरल्या भावाचं शेतातलं घर. ते आणि तुमचे आजोबा दोघंही आता नाहीत. घरात मोठी आजी असते, म्हणजे माझी थोरली जाऊ, जिला मी अक्का म्हणते. तिचा मुलगा, तुमचा काका, शेती बघतो. आणि आजोबा गेल्यावर कळंबचं घर बंद करून मी इथं येऊन राहिले. घरामागं विहीर आहे, दगडानं बांधलेली, पाण्यापर्यंत पायऱ्या असलेली. पाणी निवळ राहावं म्हणून विहिरीत मासे सोडायची आपल्याकडे जुनी रीत आहे. मासे शेवाळ खातात, डासांची पिल्लं खातात. आपल्या घरात मासे कोणी खात नाही, त्यामुळे त्या माशांना कधी कोणी हात लावला नव्हता. ते वाढले, त्यांना पिल्लं झाली, त्यातली काही म्हातारी झाली.

अक्का पहाटे पूजा झाली की कपाळाचा भस्माचा पट्टा तसाच ओला घेऊन कणकेच्या गोळ्या ताटलीत घालायच्या, पाण्यालगतच्या पायरीवर बसायच्या आणि ताटलीच्या काठावर बांगडी वाजवायच्या. त्या आवाजाला मासे वर यायचे. सगळ्यांत पुढे एक मोठा रोहू असायचा, शेपटीचा तुकडा गेलेला. त्याचं नाव त्यांनी सरपंच ठेवलं होतं.

"आदी खायाचं आन मग तोंड न्हाय दाखवायचं, म्हणून सरपंच," त्या म्हणायच्या.

थोरले, तुला आठवत असेल, तू त्याला हातानं भरवलं होतंस. धाकट्यानं क्रीमचं बिस्किट टाकलं तर अक्का त्याच्यावर ओरडल्या, "टाकू नगं रं, त्यांला शुगर हुईल."

आता दुसऱ्या माशाचं. तुमचे आजोबा कळंबच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. प्रयोगशाळेच्या कडेला काचेच्या कपाटांत बरण्या होत्या आणि त्यातल्या एका उंच बरणीत, पिवळट पडलेल्या औषधी पाण्यात, आफ्रिकेतला एक मासा उभा केलेला होता. त्याला फुप्फुसमीन म्हणतात. आजोबांचं अक्षर औषधाच्या चिठ्ठीसारखं होतं. मी सोलापूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, तिथं अक्षरासाठी पट्टीचा मार खाल्लेला, आणि पुढे मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. म्हणून कपाटातल्या सगळ्या बरण्यांची लेबलं मी लिहिली. या बरणीचं लेबल मोठं झालं, कारण लॅटिन नाव लांब होतं. मी पट्टी लावून ते बरोबर मध्यभागी, सरळ चिकटवलं.

"अगं, तोंड झाकलंस की त्याचं," आजोबा म्हणाले.

"सरळ आहे ना?" मी विचारलं.

"सरळ आहे बाई," ते म्हणाले, आणि ते तसंच राहिलं.

त्या माशाविषयी ते घरी इतकं बोलायचे की भाजी निवडता निवडता मला तो धडा पाठ झाला होता. या माशाला कल्ले असतात आणि फुप्फुसंही असतात. पण कल्ल्यांवर त्याचं भागत नाही. पाण्याच्या वर येऊन हवा घेता आली नाही, तर तो मासा असून बुडून मरतो. नदीच्या पूरमैदानातलं पाणी आटायला लागलं की तो तोंडानं चिखल खात खाली जातो, तिथं शेपूट तोंडावर घेऊन वेटोळं करतो आणि अंगातून चिकट स्राव सोडतो. तो वाळला की कागदासारखी पिशवी होते. तोंडापाशी फक्त हवेपुरतं भोक. वर जमीन भेगाळते, माणसं चालतात, गुरं चरतात, आणि खाली तो झोपलेला असतो, स्वतःचंच मांस थोडं थोडं जाळत. पाऊस येऊन माती भिजली की उठतो. पहिल्यांदा हा प्राणी युरोपातल्या विद्वानांच्या टेबलावर गेला तेव्हा तो मासा आहे की बेडकाच्या कुळातला, यावर त्यांच्यात वाद झाले. अंगाच्या बाजूंना पर असावेत तिथं याला नुसते दोऱ्यासारखे अवयव असतात, आणि तळाशी त्यांच्यावर रेलून तो पाऊल टाकल्यासारखा पुढे जातो. याचे भाऊबंद दक्षिण अमेरिकेत आहेत, ऑस्ट्रेलियात आहेत. हे खंड एकमेकांना जोडलेले होते त्या काळापासूनचं हे घराणं आहे, डायनासोरांच्याही आधीचं. चार पायांच्या सगळ्या प्राण्यांना, म्हणजे बेडकाला, म्हशीला, तुम्हाला आणि मला, आज जिवंत असलेल्या माशांमधले सर्वांत जवळचे नातलग हेच. आपल्या गोदावरीच्या खोऱ्यातही, खाली तेलंगणाच्या बाजूला, त्यांचे दगड झालेले दात सापडले आहेत. आजोबा हे सांगताना हातातली गवार खाली ठेवायचे.

थोरले, मागच्या हिवाळ्यात तू फोन करून सांगितलंस की तुम्ही मत्स्यालयात गेला होता आणि तिथं आफ्रिकेच्या नदीच्या टाकीत हा मासा होता. तू म्हणालीस, तो वर आला, तोंड उघडून श्वास घेतला आणि खाली गेला, मोठी आजी पायऱ्या चढून आल्यावर करते तसा. मी तुला सगळा धडा सांगितला. तू गप्प राहून ऐकत होतीस, आणि मग बाबांना म्हणालीस की आजीला सगळं माहीत आहे. फोन ठेवल्यावर मी ते अक्कांना सांगितलं. जेवताना तुझ्या काकालाही सांगितलं.

उन्हाळ्यात गावाच्या वरच्या अंगाचा पाझर तलाव आटला आणि गाळ काढायला पोकलेन आलं. गाळ शेतात टाकला की जमीन सुधारते, म्हणून गावातले सगळे ट्रॅक्टर तिथंच होते. तुझा काकाही होता. एका दुपारी तो बादली घेऊन आला.

"काकू, ह्ये काय हाय बघा. वरचा गाळ वाळून खडक झालाय, आन त्याच्या खाली ओलीत ह्ये जितं."

बादलीत हाताएवढा लांब, काळा, बुळबुळीत प्राणी होता. अंगावर चिखलाचा थर होता आणि चिखलातून दोरे लोंबत होते. मी वाकले तेवढ्यात त्यानं तोंड वर काढलं, फस्स करून हवा घेतली आणि पुन्हा खाली गेला.

"पोकलेनवाला म्हणला आफ्रिकेचा मासा हाय," काका म्हणाला. "ती पोरं तळून खानार हुती. म्या म्हणलं, आमच्या काकूला दाखवतो."

वाळलेला गाळ, हवा, आफ्रिका, दोरे. गोदावरीच्या खोऱ्यातले दात. सगळं एकेक करून जागेवर बसत गेलं, कपाटात घड्या बसाव्यात तसं. ते दोरे माशाच्या कुठल्या भागातून निघाले आहेत, एवढं मी पाहिलं नाही. बादलीत तांब्याभर पाणी ओतलं असतं तर चिखल निघाला असता. मी ओतलं नाही. मला दुसरं काही पाहायचं नव्हतं. तुम्हाला दाखवायला माझ्याकडे म्हैस आणि कुरडया सोडून एक गोष्ट आली होती, आणि ती तुमच्या मत्स्यालयात होती तीच होती.

"हा फुप्फुसमीन आहे," मी म्हणाले. शाळेत बोलायची त्या आवाजात म्हणाले. "अतिशय दुर्मीळ. कॉलेजातल्या लोकांना कळवायला हवं."

"म्हंजे जपायचा म्हण," अक्का म्हणाल्या. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या.

"हो अक्का."

"आन ठिवायचा कुठं? हौदात तर पानी तापतंय."

"विहिरीत ठेवू."

अक्कांनी बादलीकडे पाहिलं. "माझ्या पोरांला काय करायचा न्हाय ना त्यो?"

मी हसले. मला ते हसणं आठवतं आणि अजूनही तोंडावर पदर घ्यावासा वाटतो. "अक्का, हा महिनेच्या महिने काही न खाता राहतो. याच्याइतका उपाशी राहणारा प्राणी जगात नसेल."

"उपासाचा मासा व्हय," अक्का म्हणाल्या. "मग आपल्यातलाच की. सोड बाबा."

काकानं पायऱ्या उतरून बादली पाण्यात कलती केली.

पुढे जे झालं ते मला आवडलं. गावातली माणसं बघायला यायला लागली. बाया विहिरीच्या कठड्याला हळद-कुंकू लावून जायला लागल्या. मी त्यांना हे विज्ञान आहे म्हणून समजावलं आणि मग त्याच कठड्याशी उभं राहून त्यांना सगळा धडा सांगितला. मास्तरांनी शाळेतल्या मुलांना आणलं, त्यांनाही सांगितला. आजोबांचा एक विद्यार्थी आता त्यांच्याच जागेवर शिकवतो. त्याला मी फोन करून यायचं आमंत्रण दिलं. परीक्षांचे दिवस होते. उत्तरपत्रिका संपल्या की येतो म्हणाला.

आणि तुम्हाला दाखवला. त्या रविवारी अक्का माझ्या शेजारीच बसल्या होत्या. कणकेची गोळी टाकल्यावर तो वर आला, आता धुतला गेलेला, काळाभोर. थोरले, तू स्क्रीनजवळ आलीस आणि विचारलंस, "आजी, त्याला मिशा का आहेत? आमच्याकडच्याला नव्हत्या."

मी म्हणाले, "जातीजातींत फरक असतो बाळ. मोठी होशील तेव्हा शिकशील."

तू गप्प बसलीस. मला वाटलं, पटलं. बाबांनी मागाहून सांगितलं की फोन ठेवल्यावर तू माशांचं पुस्तक काढून बराच वेळ बसली होतीस आणि आजीला वाईट वाटेल म्हणून पुन्हा विषय काढला नाहीस. तुझा प्रश्न बरोबर होता. मी तुला वर्गात गप्प बसवतात तसं गप्प बसवलं. हे सगळ्यांत आधी लिहायला हवं होतं, पण इथंवर आल्याशिवाय धीर झाला नाही.

त्यानंतर बारीक मासे दिसेनासे झाले. अक्का म्हणाल्या, पाणी तापलंय, तळाला बसले असतील. मीही हो म्हणाले. मग मधले दिसेनासे झाले. अक्का ताटली वाजवायच्या, गोळ्या पाण्यावर तरंगत राहायच्या आणि थोड्या वेळानं तो एकटाच काळा वर यायचा, फस्स करायचा आणि तोंडात येतील तितक्या घेऊन जायचा. बादलीत होता त्यापेक्षा तो चांगलाच जाड झाला होता.

"सरपंच रुसला जनू," अक्का एकदा म्हणाल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

उपाशी राहणारा मासा कणीक कशी खातो, हा प्रश्न मला तोवर पडला होता. मी तो पडू दिला नाही, असं म्हणणं जास्त खरं होईल. मी स्वतःशी म्हणत होते की पाहुणे येऊ दे, मग बघू. मग एका सकाळी अक्का पूजा करून उठल्या, भाकरी थापायला बसल्या आणि कणकेचा डबा उघडलाच नाही. ताटली मांडणीवर पालथी होती.

आजोबांचा विद्यार्थी कळंबहून मोटारसायकलवर आला. विद्यार्थी म्हणते, पण त्याचेही केस पांढरे झाले आहेत. तो पायऱ्या उतरून बसला. गोळी मी टाकली. मासा वर आला. त्यानं एकदा पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. मला वाटलं, आनंदानं त्याला बोलता येत नाही.

"मॅडम," तो म्हणाला, "हा फुप्फुसमीन आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मीच ओळखला."

त्यानं पाण्याकडे बोट केलं. "हा मांगूर आहे. आफ्रिकी मांगूर. तुमचं बरंचसं बरोबर आहे मॅडम, आफ्रिकेचाच आहे, हवा घेतो, ओल्या गाळात तगून राहतो. पण हा वेगळा. त्या मिशांवरून कळतं. याला पाळायची बंदी आहे आपल्याकडे, तरी चोरून शेततळ्यात सोडतात. तिथून ओढ्यानं तलावात आला असेल."

"बंदी कशाला?"

"पाण्यातलं सगळं खातो म्हणून."

तो हे इतक्या हळू आणि आदरानं सांगत होता की मला तिथून उठून जावंसं वाटलं. उठता आलं नाही, गुडघे धरले होते. आणि तरीही मी एक आडोसा शोधलाच. म्हणाले, "पण खरा फुप्फुसमीन असता तर हे झालं नसतं. तो उपाशी राहतो."

तो घुटमळला. वरच्या पायरीवर अक्का चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"झालं असतं मॅडम. तो चिखलात झोपलेला असतो तोवरच उपाशी. पाण्यात असला की तोही मासे खातो, शिंपल्या फोडून खातो. तापट असतो फार. मत्स्यालयातसुद्धा त्याला बहुतेक एकटाच ठेवतात."

म्हणजे मासा ओळखण्यात चूक झाली नसती, तरी अक्कांचे मासे गेले असते. मला तो कसा झोपतो ते पाठ होतं. तो कसा खातो ते मला माहीत नव्हतं, आणि आजोबा सांगत असतील तर त्या वेळी माझं लक्ष गवारीत असेल.

"चहा घ्या," अक्का म्हणाल्या. "गार हुईल."

चहा पिऊन झाल्यावर त्यानं उरलेलं सांगितलं. पावसाळ्यात विहीर भरून सांडली की हा ओढ्याला लागेल आणि ओढ्यातून वर चढत पुन्हा तलावात जाईल. गाळ काढून तलाव खोल केलाय, त्यात मग हाच राहील. म्हणून पावसाच्या आधी याला बाहेर काढायचा, मारायचा आणि पुरायचा. जिवंत कुठंही सोडायचा नाही. ढग यायला लागले होते. जे करायचं ते लगेच करायला हवं होतं, आणि या घरात आजवर कोणी मासा मारला नव्हता.

"इहीर उपसा," अक्का म्हणाल्या.

"आई, म्हशीला पानी?" काकानं विचारलं. "आन पाऊस लांबला तर?"

"हापशावरनं आनू. उपसा."

मोटर लावली. उन्हाळाभर जपलेलं पाणी नुसतंच मोकळ्या रानात गेलं. हापशावरून पाणी आणायला मी गेले. अक्का नको म्हणाल्या नाहीत. कळशी अर्धी भरली तरी मला ती दोनदा खाली ठेवावी लागायची. हापशावरच्या बायांना एव्हाना सगळं कळलं होतं.

"मास्तरीणबाई, उपासाचा मासा पारण्याला बसला म्हणं," एक म्हणाली.

"पारणं लई दांडगं झालं," दुसरी म्हणाली. "सरपंचासकट."

त्या हसल्या, आणि त्यांतल्याच एकीनं माझी कळशी उचलून घरापर्यंत आणून दिली. त्यामुळे मला आणखीच लाजल्यासारखं झालं.

पाणी तळाला गेलं तेव्हा काका टोपली घेऊन उतरला. मासा गाळात शिरला होता, अगदी धड्यातल्यासारखा. काका कोपरापर्यंत हात घालून चाचपत होता आणि मी कठड्यावरून बघत होते. एकही दुसरा मासा तळाशी वळवळला नाही. मला आशा होती. अक्कांनाही असावी, कारण त्या वाकून वाकून विचारत होत्या, "काय घावतंय का रं?"

"ह्योच एकला," काका खालून म्हणाला.

त्यानं तो वर आणला आणि बादली धुण्याच्या दगडापाशी ठेवली. मग तो उभा राहिला. एवढा मोठा बाप्या, पण त्याचा हात उठेना. मासा तोंड वर काढून हवा घेत होता.

"काकू, तुमी आत जावा," तो म्हणाला.

अक्का आतून कपडे धुण्याची मोगरी घेऊन आल्या आणि त्यांनी ती त्याच्यापुढे धरली. मी म्हणाले, "इकडं द्या."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नको म्हणतील असं मला वाटलं, खरं सांगायचं तर त्यांनी म्हणावं असं वाटलं. त्यांनी मोगरी माझ्या हातात दिली.

ते कसं झालं हे मी तुम्हाला लिहीत नाही. एका फटक्यात झालं नाही, एवढंच लिहिते. त्या माशाचा काही अपराध नव्हता. त्याला कोणीतरी दुसऱ्या खंडातून इथं आणलं, कोणीतरी तळ्यात सोडलं आणि मी विहिरीत सोडलं. त्यानं जे मिळालं ते खाल्लं. काकानं लिंबाच्या पलीकडे खड्डा घेतला, चुना टाकला. मी परत आले तेव्हा अक्कांनी मोरीत पाणी काढून ठेवलं होतं.

"डोक्यावरनं आंघूळ कर," त्या म्हणाल्या. कोणाच्या मातीला जाऊन आल्यावर करतात तशी.

नंतर एका सकाळी मी एसटीनं कळंबला गेले. आजोबांच्या विद्यार्थ्यानं कपाट उघडून बरणी टेबलावर ठेवली. लेबल अजून होतं, शाई फिकी झालेली, पण ओळ सरळ. मी रुमाल ओला करून ते सोडवलं. मागं त्या माशाचं तोंड होतं. इतकी वर्षं ते तिथं होतं. बारीक डोळे, मऊ ओठ, मिशीचा मागमूस नाही. दोरे तोंडापासून बरेच मागे, गालांच्या पलीकडून निघालेले. तोंड किंचित उघडं होतं आणि आत दातांच्या धारदार पट्ट्या दिसत होत्या. कोणत्याही मुलाला दिसल्या असत्या. लेबल मी झाकणावर चिकटवलं. ते थोडं वाकडं बसलं. तसंच ठेवलं.

पाऊस लांबला नाही, एवढी कृपा झाली. विहीर आता निम्म्याच्या वर आहे. पाणी गढूळ होतं, हळूहळू निवळतंय. निवळलं तरी त्यात काही हलत नाही. अक्का सकाळी पूजा झाली की अजूनही सवयीनं मागच्या दारापर्यंत जातात आणि परत येतात. माझ्याशी त्या नेहमीसारख्या बोलतात. भाजी कुठली करायची विचारतात. पण दवाखान्याच्या गोळ्या पूर्वी मला दाखवून घ्यायच्या, त्या आता काकाला दाखवतात. काकाला इंग्रजी वाचायला वेळ लागतो. मी शेजारी बसलेली असते.

काल जेवताना काका म्हणाला की भूमच्या बाजारी जायचंय, त्या बाजूला माशांची पिल्लं मिळतात, आणू का विहिरीत सोडायला. कुठली आणायची, रोहू की दुसरी, हे मला सांगता आलं असतं. बहुधा बरोबरही आलं असतं.

अक्का ताटावरून मान वर न करता म्हणाल्या, "आन की. पर आदी तिकडं पोरीला इचार. तिला दिसल्या हुत्या मिशा."

म्हणजे त्या रविवारी शेजारी बसून त्यांनी तुझा प्रश्न ऐकला होता, आणि माझं उत्तरही.

तेव्हा थोरले, विहिरीत कुठली पिल्लं सोडायची, हे तुला विचारायचं राहिलं आहे. काका तुला त्यांचे फोटो पाठवेल. घाई करू नकोस, पुस्तक काढून बस, कितीही वेळ लागू दे. जे दिसेल ते सांग. मला वाईट वाटेल का याचा विचार करू नकोस. मी तुझ्या आणि अक्कांच्या मध्ये बोलणार नाही, फक्त फोन धरून बसेन.

या रविवारी मी फोन विहिरीकडे वळवणार आहे. पाणी दिसेल, रिकामं. चित्र जरा हलेल. पायऱ्या उतरताना मला एका हातानं भिंत धरावी लागते.